लॅमिनेट केलेलं डलूथ

कॅनडातल्या विनिपेगच्या नंदकुमार पाटणकरांनी एकतीस वर्षं शहराच्या बसची वेळापत्रकं बनवली, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे जे काही झालं त्याचं मूळ तिथेच आहे. बस उशिरा आली तर नंदकुमार एक वेळ माफ करत. बर्फ असतं, रस्ता घसरडा असतो, ड्रायव्हरही माणूसच असतो. पण वेळेआधी सुटलेली बस त्यांना सहन होत नसे. "उशिरा येणारी बस म्हणजे गैरसोय," असं ते मराठी मंडळाच्या गणपतीत हातात मोदक घेऊनही सांगत, "आणि लवकर सुटणारी बस म्हणजे विश्वासघात." समोरचा माणूस स्वतःच्या मोदकाकडे बघत मान हलवत असे.

अशा माणसाच्या पदरात नीलिमाताई पडल्या. त्यांच्यात दोष म्हणावा असा एकच होता, पण तो नेमका नंदकुमारांच्या वर्मावर बसणारा होता. त्यांना निरोप घेता येत नसे. म्हणजे सोफ्यावरून उठता येई, "चला, निघतो आता" म्हणता येई, कुंकू लावून घेता येई, जॅकेट, टोपी, बूट सगळं चढवता येई. आणि मग दाराच्या मुठीवर हात ठेवला, की तीन तासांत ज्यांचं नावही निघालं नव्हतं अशी माणसं आठवू लागत. कुणाच्या सुनेचं काय झालं, कुणाचा गुडघा कधी बदलला, साबुदाणा चिकट होतो तो का होतो. हिवाळ्यात नंदकुमार खाली जाऊन गाडी गरम करत बसत, आणि गाडीच्या आधी स्वतः गरम होत. त्यांनी एक वर्षभर नोंद ठेवली होती. दारातल्या गप्पांची सरासरी बत्तीस मिनिटं आली. साखरपुडा किंवा बाळंतपण यांपैकी काही विषय निघाला तर पन्नास.

नंदकुमार मार्चमध्ये रिटायर झाले. मंडळाने शाल दिली, नारळ दिला. घरी आल्यावर त्यांनी नीलिमाताईंना विचारलं, "एवढ्या वर्षांत तू काही मागितलं नाहीस. आता सांग."

नीलिमाताई नारळाची शेंडी सोलत होत्या. त्या फारसा विचार न करता म्हणाल्या, "मला मोठं जहाज जवळून बघायचंय. आणि ते निघताना भोंगा देतं ना, तो ऐकायचाय."

नीलिमाताईंचं लहानपण मुंबईत गोदी कामगारांच्या क्वार्टर्समध्ये गेलं. वडील क्रेन चालवायचे. गच्चीवरून जहाजं दिसायची, पण दूर, काडेपेटीएवढी. जेवताना लांबून भोंगा ऐकू आला की वडील घास हातात धरून म्हणायचे, "निघालं बघ." आत नेऊन जहाज दाखवीन असं त्यांनी कबूल केलं होतं. त्यासाठी पास लागायचा, पासासाठी अर्ज लागायचा आणि अर्जावर तीन सह्या लागायच्या. दोन झाल्या. तिसरीची वाट बघता बघता वडील रिटायर झाले, नीलिमाताईंचं लग्न झालं आणि त्या जिथे आल्या तिथून कुठलाही समुद्र गाडीने दोन दिवसांवर होता. हे सगळं नंदकुमारांनी पूर्वी ऐकलेलं होतं. पण हे मागणं आहे हे त्यांच्या त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं, आणि त्यांना जरा लाज वाटली.

शेजारच्या घरात कास्मिर तुस्कानो राहत. मूळचे वसईचे, वीस वर्षं मालवाहू जहाजांवर कूक होते. मुलगा रॉड्नी इथे स्थायिक झाला म्हणून तेही आले. नंदकुमारांनी त्यांना कुंपणावरून सल्ला विचारला.

"डलूथला जा," कास्मिर म्हणाले. "सात तास ड्राइव्ह. अमेरिकेची बॉर्डर पार केली की सरळ खाली. लेक सुपीरियर आहे ना, त्याच्या टोकाला. हजार हजार फुटी बोटी येतात. आणि गावाच्या मधून जातात, नंदू. अशा कॅनालमधून, की तू हात केलास तर डेकवरचा माणूस तुला हात करणार."

"वेळा काय असतात?"

कास्मिर हसले. "बोट कधी निघणार ते बोटीला पण ठाऊक नसतं. आणि जाडं जॅकेट घे. जून असला तरी घे."

नंदकुमारांनी दोन्ही गोष्टी सोडून दिल्या. इंटरनेटवर डलूथला येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांची यादी मिळाली, तीही मिनिटांसकट. मिनिटं दिसल्यावर नंदकुमारांना दुसरं काही दिसत नाही. मंगळवारी संध्याकाळी बसून त्यांनी शुक्रवार ते रविवारचं वेळापत्रक तयार केलं, त्यात चार जहाजं बसवली, मध्ये टेकडीवरचा मनोरा, काठावरची पायवाट, दुपारचं जेवण, पंधरा मिनिटं विश्रांती असं सगळं भरलं आणि दुकानात जाऊन ते लॅमिनेट करून आणलं. तळाशी लाल अक्षरांत एक ओळ होती. दारातल्या गप्पा सक्त मना.

कॅल्गरीहून मुलगी ऊर्मी फोनवर म्हणाली, "बाबा, दॅट लिस्ट इज लाइव्ह. इट चेंजेस. यू कान्ट लॅमिनेट अ शिप."

"शिप नाही केलं, प्लॅन केलाय," नंदकुमार म्हणाले.

नीलिमाताईंनी कागद वाचला, लाल ओळ दोनदा वाचली आणि "बरं" म्हणाल्या. त्या 'बरं'मध्ये काही तरी होतं, पण नंदकुमारांना तेव्हा ते ऐकू आलं नाही.

शुक्रवारी सकाळी सातला निघायचं होतं. घराची किल्ली कास्मिरकडे द्यायला नीलिमाताई त्यांच्या दारात गेल्या आणि सात पस्तीसला परत आल्या. नियम आजपासून लागू होता, पण नंदकुमारांनी नुसती गाडी सुरू केली. प्लॅनमध्ये चाळीस मिनिटं शिल्लक ठेवलेली होती. वेळापत्रक करणारा माणूस बायकोला ओळखून असतो.

शिल्लक संपली ती बॉर्डरवर. तिथल्या ऑफिसरने खिडकीतून विचारलं, खाण्याचं काही आहे का. या प्रश्नाला बहुतेक लोक "थोडे स्नॅक्स" म्हणतात आणि पुढे जातात. नंदकुमारांनी दोन पानी टाइप केलेली यादी पुढे केली. एकतीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस सरकारशी खोटं बोलत नाही. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं, चकल्या, गुळपोळ्या, दह्याचा डबा, टोमॅटो, लिंबं आणि मेतकूट. ऑफिसरने यादी वाचली, मग दुसऱ्या ऑफिसरला बोलावलं आणि गाडी बाजूला घ्यायला सांगितली.

बाकी पदार्थांचं काही ना काही जमलं. गाडी अडली ती मेतकुटावर. बिनलेबलाची काचेची बरणी, आत पिवळी पावडर.

"हे कशासाठी असतं?" ऑफिसरने विचारलं.

"आजारी पडलं की भाताबरोबर खातात," नीलिमाताईंनी इंग्रजीत समजावलं.

"तुम्ही आजारी आहात?"

"नाही."

"मग बरोबर का नेताय?"

"आजारी पडलो तर?"

याचं उत्तर कुठल्याच नियमपुस्तकात नसावं. बरणी उघडली, वास घेतला, डाळी कुठल्या, भाजल्या की नाही, हिंग म्हणजे काय, असं सगळं झालं. नीलिमाताईंनी कृती सांगायला घेतली आणि ऑफिसर, बिचारा, ऐकत राहिला. शेवटी लिंबं आणि टोमॅटो गेले, मेतकूट वाचलं, पण या सगळ्यात एक तास चाळीस मिनिटं गेली. नंदकुमार बाकावर बसून कागदाकडे बघत होते. डलूथमध्ये तीन दहाला जहाज क्रमांक एक येणार होतं.

ते डलूथला पोचले साडेचारला. रस्ता टेकडीवरून जात होता, दोन्ही बाजूंना झाडी, समोर नेहमीसारखं आकाश. नंदकुमारांची तोंडातल्या तोंडात कुरकुर चालू होती. घरातून निघाल्यापासून ते लेक सुपीरियरला 'ते तळं' म्हणत होते. मग रस्ता वळला, टेकडी संपली आणि खाली ते तळं आलं.

नंदकुमारांचा पाय ब्रेकवर गेला. खाली उतारावर सगळं गाव पसरलं होतं, विटांच्या जुन्या इमारती, चर्चचे मनोरे, घरांच्या ओळी, आणि त्या सगळ्याच्या पुढे पाणी सुरू होत होतं आणि संपत नव्हतं. पलीकडचा काठच नव्हता. निळं म्हणावं तर मध्येच करडं, मध्येच रुपेरी, आणि शेवटी कुठे तरी ते आकाशात मिसळत होतं. त्या पाण्याच्या तोंडाशी लोखंडी पूल उभा होता, दोन मनोऱ्यांच्या मध्ये धरलेला. एकतीस वर्षं गव्हाच्या सपाट देशात राहिलेल्या माणसाने असं काही अचानक बघू नये. त्यांनी गाडी कडेला घेतली.

"याला तळं कोण म्हणालं?" ते म्हणाले.

"तुम्हीच," नीलिमाताई म्हणाल्या. त्यांचं लक्ष नव्हतं. त्या बघत होत्या आणि त्यांचे ओठ जरा हलत होते.

कालव्याच्या काठावर पोचले तेव्हा वारा असा होता की नंदकुमारांचा हाफ शर्ट अंगावर असून नसल्यासारखा झाला. कास्मिरचा जॅकेटचा सल्ला आठवला. पहिल्या दुकानात घुसून त्यांनी एक जाड स्वेटशर्ट घेतला. त्यावर छातीभर अक्षरांत डलूथ लिहिलेलं होतं, आणि पुढचे दोन दिवस नंदकुमार पाटणकर, निवृत्त वरिष्ठ नियोजक, गावभर त्या गावाची जाहिरात करत फिरले.

काठावर एक सत्तरीच्या बाई घडीच्या खुर्चीत बसल्या होत्या. गळ्यात दुर्बीण, मांडीवर थर्मास. त्यांचं नाव वेन्डी. रोज येऊन जहाजं बघणं हा त्यांचा उद्योग होता. नंदकुमारांनी जहाज क्रमांक एकची चौकशी केली.

"पावणेचारला आलं," वेन्डी म्हणाल्या. "जरा उशीर झाला त्याला." मग त्यांची नजर लॅमिनेट केलेल्या कागदावर गेली. त्यांनी तो हातात घेतला, पूर्ण वाचला, उलटा करून पाहिला आणि इतकं हसल्या की थर्मासमधली कॉफी सांडली. "सॉरी," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "पण तुम्ही हे जहाजांना दाखवलंत का?"

नंदकुमार अर्थातच दुखावले. पण बाई मनाने चांगल्या होत्या. त्यांनी नीलिमाताईंना सगळं दाखवलं. पुलाचा मधला रस्ताच्या रस्ता लिफ्टसारखा सरळ वर जातो. त्याखालून जहाज जातं. जाताना भोंगा देतं, आणि पूलही भोंग्याने उत्तर देतो.

"पूल उत्तर देतो?" नीलिमाताईंनी विचारलं.

"नेहमी देतो," वेन्डी म्हणाल्या.

शनिवारी सकाळी आकाश स्वच्छ होतं. कागदाप्रमाणे जहाज क्रमांक दोन अकरा वीसला निघणार होतं. त्याआधी टेकडीवरचा दगडी मनोरा होता, वेळ नऊ चाळीस ते दहा तीस. मनोरा चढून दोघंही वरच्या कठड्यापाशी आली. वरून तर त्या पाण्याला काही अंतच नव्हता. गाव, बंदर, धान्याची कोठारं, आणि गावापासून निघून पाण्यात लांबवर गेलेली वाळूची चिंचोळी पट्टी, तिच्यावरही घरं. नंदकुमार म्हणाले की, माणसाने असं काही बघितल्यावर खरं तर वेळापत्रकं करू नयेत. हे त्यांनी कसं म्हटलं ते त्यांनाही कळलं नाही.

"अहो," नीलिमाताई म्हणाल्या, "तो पूल वर जातोय."

दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. पूल वर गेला, त्याखालून एक लांब, तांबडी रेघ सरकत गेली आणि मोकळ्या पाण्यात शिरली. भोंगा वाजला असेल तर तो वाऱ्याने दुसरीकडे नेला. जहाज सव्वा तास लवकर सुटलं होतं. नंदकुमार कठड्याला धरून उभे राहिले. त्यांच्या शब्दकोशात यासाठी एकच शब्द होता, आणि तो ते आयुष्यभर मोदक खाणाऱ्या लोकांना सांगत आले होते.

"लांबून तर मी लहानपणीही बघितलंय," नीलिमाताई म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

जहाज क्रमांक तीन दुपारी तीनला होतं. या वेळी नंदकुमारांनी ऊर्मीचं ऐकलं, फोनवर ताजी यादी उघडली, तिथेही तीनच होतं. एक वाजता हॉटेलच्या खोलीत दहीभात झाला, वर मेतकूट. मग कागदावर लिहिल्याप्रमाणे पंधरा मिनिटं विश्रांती. नंदकुमार आडवे झाले. सरोवरावरचा थंड वारा खिडकीतून येत होता, पोटात दहीभात होता, अंगात जाड स्वेटशर्ट होता. त्यांनी डोळे उघडले तेव्हा चार वाजायला वीस मिनिटं होती. नीलिमाताई खुर्चीत बसून पाण्याकडे बघत होत्या. पायांत बूट होते.

"तू मला उठवलं का नाहीस?"

"इतकं ड्राइव्ह केलंत काल. झोप लागली होती छान."

"मग तू जायचंस. पाच मिनिटांवर तर आहे."

"तुम्ही नसताना एकटीने काय बघायचं," नीलिमाताई म्हणाल्या आणि बूट काढू लागल्या.

नंदकुमार पाटणकर एकतीस वर्षांत कामावर एकदाही उशिरा गेले नव्हते. विनिपेगच्या उणे पस्तीसमध्ये लाखभर माणसांना त्यांनी वेळेवर घरी पोचवलं होतं. आणि त्यांच्या बायकोने आयुष्यात मागितलेली एकुलती एक गोष्ट पाच मिनिटांच्या अंतरावरून निघून गेली, तेव्हा ते घोरत होते. त्यांना फार वाईट वाटलं. ते तोंड धुवायला गेले आणि बराच वेळ तोंड धूत राहिले.

संध्याकाळी ते काठावरच्या पायवाटेने चालले. पाणी इतकं नितळ होतं की तळाचे गोटे मोजता यावेत. नीलिमाताईंनी दोन लाल दगड उचलून रुमालात बांधले. चौथं आणि शेवटचं जहाज रविवारी सकाळी अकराला निघायचं होतं. नंदकुमारांनी फोन पाहिला. आता तिथे संध्याकाळचे सहा लिहिलेलं होतं. माल भरायला वेळ लागणार होता.

"आपण सोमवारी निघू," ते म्हणाले.

"सोमवारी सातला माझी लॅबमध्ये ड्यूटी आहे. दोघी जणी आधीच सुटीवर आहेत. असं कसं चालेल?" मग जरा थांबून, "जाऊ द्या हो. सरोवर बघितलं ना. केवढं आहे. बाबांना सांगितलं असतं तर त्यांना खरं वाटलं नसतं."

"जॅकेट आणायला हवं होतं," नंदकुमार एवढंच म्हणाले.

"काका, तुम्ही मराठी?" मागून कुणी तरी विचारलं.

जगाच्या पाठीवर कुठेही जा, थंडी वाजली म्हणून मराठीत कुरकुर केली की मागून हा प्रश्न येतोच. तो उन्मेष होता, नागपूरचा, इथल्या एका हॉस्पिटलच्या आयटीमध्ये. बरोबर बायको अनुया, सातवा महिना लागलेला. अख्ख्या वर्षात त्यांना मराठी माणूस दिसला नव्हता. उद्या सकाळी पोहे खाल्ल्याशिवाय जायचं नाही, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. घर पुलापलीकडे, वाळूच्या पट्टीवर.

रविवारी साडेनऊला पाटणकर मंडळी पोह्यांना हजर झाली. निघायची वेळ अकरा. घराच्या मागे सरोवर आणि पुढे बंदर, अशी ती जागा. नंदकुमार दोन्ही खिडक्यांतून आळीपाळीने बघत होते आणि त्यांचं बघून संपत नव्हतं. सोफ्यावर बोलणं नेहमीसारखं झालं. थंडी किती, बर्फ किती, ते शोव्हलने कोण उपसतं. अनुयाची आई येणार होती, पण तिच्या व्हिसाच्या मुलाखतीची तारीख बाळाच्या तारखेनंतरची मिळाली होती. "पण आम्ही मॅनेज करू," अनुया म्हणाली. "इथे क्लासेस असतात. सगळं छान आहे."

बरोबर अकराला नंदकुमार काही बोलायच्या आत नीलिमाताई उठल्या. कुंकू लावून घेतलं, बूट घातले. "चला, येतो आम्ही," म्हणाल्या, दार उघडलं आणि सरळ गाडीकडे चालू लागल्या. मागे वळल्या नाहीत, थांबल्या नाहीत. एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

नंदकुमार दारात उभे राहिले. तेहतीस वर्षांच्या संसारात हे दृश्य त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं तर आनंद होईल असं त्यांना कायम वाटत आलं होतं. झालं उलटंच. आपण या बाईला जहाज तर दाखवलं नाहीच, वर तिच्या तोंडातलं बोलणंही काढून घेतलं, असं त्यांना वाटलं. त्यांनी हातातली किल्ली खिशात टाकली.

"अगं," त्यांनी हाक मारली, "थांब की जरा. बोल. घाई कसली आहे?"

नीलिमाताई वळल्या. नवऱ्याला ताप आहे की काय असं त्यांनी आधी नीट बघून घेतलं. मग परत आल्या आणि दाराच्या चौकटीला हात लावून उभ्या राहिल्या. "काय गं, डिंकाचे लाडू मिळतात का इथे कुठे?" त्यांनी अनुयाला सहज विचारलं.

अनुया काही तरी बोलायला गेली आणि तिचे डोळे भरून आले. "काकू, मला खूप भीती वाटते," ती म्हणाली.

दीड तास सोफ्यावर सगळं छान होतं. खरं जे होतं ते दारात निघालं. नंदकुमार बूट घालून तिथेच उभे होते, नेहमीप्रमाणे, पण या वेळी घड्याळाकडे न बघता ऐकत होते. नीलिमाताईंनी त्या मुलीला जवळ घेतलं. रात्रीची झोप, सुजलेले पाय, आईची आठवण, एकेक बोलणं निघत गेलं. उन्मेषला यातलं निम्मं पहिल्यांदाच कळत होतं आणि तो भिंतीला टेकून ऐकत होता. नीलिमाताईंनी गाडीतून मेतकुटाची बरणी आणून तिच्या हातात दिली. मग म्हणाल्या, "सप्टेंबरात मी सुटी टाकून येते महिनाभर. आणि यांना तर आता काही कामच नाही. हेही येतील."

हा निर्णय नंदकुमारांना तिथे, दारात कळला. त्यांनी मान हलवली. दारात माणसं इतका वेळ काय बोलतात याचा त्यांना एवढी वर्षं पत्ता नव्हता. त्यांनी नुसती मिनिटं मोजली होती.

ते निघाले तेव्हा बाराला पाच कमी होते. पट्टीवरच्या एकुलत्या एक रस्त्याने गाडी पुलापाशी आली, आणि समोर घंटा वाजू लागली. लाल दिवे लागले. दांडा खाली आला तो बरोबर त्यांच्या गाडीच्या नाकासमोर. पुलाचा रस्ता जागचा सुटला आणि वर चढू लागला.

"काय झालं?" नंदकुमार म्हणाले. यादीत तर संध्याकाळचे सहा होते.

नीलिमाताई गाडीतून उतरल्याही होत्या.

ते डाव्या बाजूने, बंदरातून आलं. आधी नुसतं नाक, तांबडं, तीन मजली घराएवढं. मग ते येतच राहिलं. नंदकुमार कालव्याच्या कठड्यापाशी पोचले तेव्हा ती पोलादी भिंत त्यांच्यासमोरून सरकत होती, इतकी जवळ की तिच्यावरचे गंजाचे ओघळ आणि रंगाचे पोपडे दिसत होते. आवाज जवळजवळ नव्हता, जमिनीत खोलवर एक थरथर होती ती पायांतून वर येत होती. एवढी मोठी वस्तू इतक्या हळुवारपणे चालते हे त्यांना खरं वाटेना. भिंत संपत नव्हती. डेकवर हेल्मेट घातलेला एक माणूस उभा होता. नीलिमाताईंनी हात वर केला, आणि त्याने हात केला.

मग भोंगा झाला. एक लांब, दोन आखूड. तो नंदकुमारांच्या बरगड्यांत वाजला, काचांत वाजला, टेकडीवर जाऊन परत आला. तो विरतो न विरतो तोच वरून पुलाने उत्तर दिलं. एक लांब, दोन आखूड.

नीलिमाताई दोन्ही हातांनी कठडा धरून उभ्या होत्या. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. "निघालं बघ," त्या म्हणाल्या. नंदकुमारांशी बोलत नव्हत्या त्या.

जहाजाचं नाक मोकळ्या पाण्यात गेलं. शेपटी अजून पुलाखाली होती. आता जाणार, असं नंदकुमारांना वाटलं, तोच त्याने पुन्हा भोंगा दिला. पुलाने पुन्हा उत्तर दिलं. जहाज पुढे सरकलं आणि आणखी एकदा बोललं. पूलही बोलला. जॅकेट घालून झालं, बूट घालून झाले, दाराबाहेर पाऊल पडलं, तरी यांचं आपलं चालूच.

"अगं नीलिमा," नंदकुमार हळूच म्हणाले, "हेही दारातच."

नीलिमाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि रडता रडता इतक्या हसल्या की शेजारचे लोक बघू लागले.

दांडा वर गेल्यावर मागच्या गाड्यांना वाट द्यायला त्यांनी पूल ओलांडला आणि पलीकडे काठावर पुन्हा गाडी थांबवली. वेन्डी त्यांच्या खुर्चीत होत्या. त्यांनी दुरूनच अंगठा वर केला. माल सकाळीच भरून झाला, म्हणून जहाज सहा तास आधी सुटलं, असं त्यांनी सांगितलं. सहा तास आधी. नंदकुमारांनी ते ऐकून घेतलं आणि विश्वासघाताबद्दल एक अक्षर काढलं नाही. हातातला लॅमिनेट केलेला कागद त्यांनी वेन्डींना देऊन टाकला. खुर्चीवर पाणी उडतं, तेव्हा वर अंथरायला बरा, म्हणाले.

जहाज लहान होत होत काडेपेटीएवढं झालं.

"आता एवढंसं झालं तरी चालेल," नीलिमाताई म्हणाल्या. मग त्यांनी घड्याळ पाहिलं. "चला, साडेबारा होत आले. सात तास जायचंय. उशीर होईल."

"होऊ दे," नंदकुमार म्हणाले, आणि कठड्याला टेकून उभे राहिले.